चारशे सात नंबरची भानगड

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये मोबाईलवर एक मेसेज फिरला. चॉकलेट मिल्कच्या पाकिटावर ४०७ नंबर दिसला तर ते पिऊ नका, त्यात कॅन्सर करणारं केमिकल आहे, वगैरे वगैरे. माझा रूम पार्टनर (मेसचा नाश्ता चुकवून त्या पाकिटावरच जगणारा प्राणी!) त्या दिवसापासून घाबरला. शेजारच्या रूममधला म्हणाला, "अरे, समुद्राचं शेवाळ आहे ते, नॅचरल! काही होत नाही." माझ्या मते दोघंही चुकले. एकाने नंबर बघून नाकारलं, दुसऱ्याने 'नॅचरल' ऐकून मान्य केलं. मोजलं कुणीच नाही.

४०७ म्हणजे कॅराजीनन. लाल समुद्री शेवाळातून निघणारा घट्टपणा आणणारा पदार्थ. घरी आपण चायना ग्रासची जेली खातो ना, त्याचा हा चुलतभाऊ. १९७० च्या दशकात फिलिपिन्समध्ये या शेवाळाची दोरीवरची शेती सुरू झाली, पुढे इंडोनेशिया त्यात सगळ्यांच्या पुढे गेला. दुधात याची करामत बघण्यासारखी आहे. त्याच्या साखळीवरचे ऋणभारित सल्फेट गट दुधातल्या केसीनला जाऊन चिकटतात आणि एक नाजूक जाळं तयार होतं. कोकोची पूड त्या जाळ्यात अडकून राहते, तळाला बसत नाही. त्यासाठी लिटरला फक्त २००-३०० मिलिग्रॅम पुरतं! म्हणजे २०० मिलीच्या पाकिटात फार तर ६० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली रोजची तात्पुरती मर्यादा ठरवली ती शरीराच्या किलोमागे ७५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला साडेचार ग्रॅम, म्हणजे ७५ पाकिटं. रूम पार्टनर अजून तिथवर पोचलेला नाही.

मग कॅन्सरची गोष्ट आली कुठून? कॅराजीनन तीव्र ॲसिडमध्ये बराच वेळ तापवलं तर त्याच्या लांब साखळ्या तुटतात. जे उरतं त्याला पॉलिजीनन म्हणतात आणि त्याचा रेणुभार साधारण १० ते २० हजार. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्रास दिसला तो या तुटलेल्या मालाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने संशयित म्हणून २बी गटात टाकलं तेही यालाच, अखंड कॅराजीननला नाही. खाण्याच्या मालाचा सरासरी रेणुभार लाखाच्या वर असतो. म्हणजे खरा प्रश्न साखळीच्या लांबीचा आहे, नावाचा नाही.

इथेच आपल्यासारख्यांचं काम सुरू होतं. रेणुभार मोजणं खर्चाचं आणि किचकट, म्हणून नियम करणाऱ्यांनी एक साधी युक्ती काढली. दीड टक्का द्रावण करा, ७५ अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी घ्या, ती ५ सेंटिपॉइजपेक्षा कमी नको. त्या तापमानाला पाण्याची असते जेमतेम ०.४. साखळ्या तुटल्या असतील तर आकडा लगेच घसरतो. दुसरी टेस्ट आहे ॲसिडमध्ये न विरघळणाऱ्या भागाची: विरळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळा, गाळा, वाळवा, वजन करा. शुद्ध केलेल्या कॅराजीननमध्ये हा भाग २ टक्क्यांपर्यंत चालतो. अर्धशुद्ध मालाला वेगळा नंबर आहे, ४०७ए, आणि त्यात सेल्युलोज राहिल्यामुळे हाच भाग ८ ते १५ टक्के भरतो. ४०७ए विषारी नाही, स्वस्त आहे इतकंच. पण स्वस्त आहे म्हणूनच ४०७ च्या नावाखाली खपवायचा मोह होऊ शकतो. या दोन्ही टेस्ट आमच्या सेकंड इयरच्या पोरांना जमतील (रीडिंग कॉपी न करता!).

बंदरावर काय होतं? २०१७ च्या आयात नियमांप्रमाणे कागदपत्रं आणि लेबल बघतात, पण नमुना धोक्याच्या अंदाजाने निवडलेल्या मालाचाच काढतात. काढला तर त्याचे दोन भाग होतात, एक लॅबला जातो, दुसरा अपिलासाठी राहतो. न्हावा शेवाला उतरलेल्या प्रत्येक पोत्याची व्हिस्कॉसिटी कुणी बघेलच असं नाही.

माझं म्हणणं असं आहे की या दोन आकड्यांचा दाखला प्रत्येक कन्साइनमेंटबरोबर सक्तीचा हवा. "एवढी कटकट कशाला, माल अडकेल, छोट्या आइस्क्रीमवाल्याला महाग पडेल," असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आपल्यावर उलट बाजूने हीच वेळ आली होती. मेसमध्ये जिच्या नावाने आपण बोटं मोडतो त्या गवारीच्या बियांचा गम भारत जगभर विकतो. २००७ साली त्यात डायॉक्सिन आणि पेंटाक्लोरोफेनॉल सापडलं. २००८ पासून युरोपने भारतीय गवार गमच्या प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा दाखला मागितला. पेंटाक्लोरोफेनॉलची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम! आपल्या निर्यातदारांनी आरडाओरडा केला असेल, पण दाखले दिले. आपण दुसऱ्यांना दाखले देतो, मग आपल्याकडे येणाऱ्या मालाचे मागायला लाज कसली?

एक गोष्ट मात्र मान्य करतो. व्हिस्कॉसिटीतून सरासरी कळते, त्यात दडलेल्या थोड्या आखूड साखळ्या कळत नाहीत. युरोपने त्यासाठी वेगळी अट घातली आहे: ५० हजारांखालच्या रेणुभाराचा भाग ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ते मोजायला चांगली लॅब आणि हुशार माणूस लागतो. मोठ्यांच्या चॉकलेट मिल्कसाठी मी ही अट लगेच मागणार नाही. तान्ह्या बाळाच्या डब्यात जाणाऱ्या मालासाठी मात्र मागेन, कारण बाळ दिवसभर दुसरं काही खात नाही. युरोपात जन्मापासूनच्या नेहमीच्या बालान्नात कॅराजीनन चालतच नाही.

आणि लेबल! आपल्या नियमात पदार्थाचं नाव किंवा नंबर, दोन्हींपैकी काहीही चालतं, म्हणून कंपन्या नंबर छापून मोकळ्या होतात. 'कॅराजीनन, समुद्री शेवाळापासून' एवढं लिहायला किती शाई लागते? नाव छापलं असतं तर माझ्या रूम पार्टनरने निदान ते शोधून वाचलं असतं. सध्या तो ते पाकीट सोडून फ्लेवर्ड लस्सी पितो. काल मी त्याच्या लस्सीचं लेबल वाचलं. तिच्यात ४४० आहे. अजून सांगितलेलं नाही.