इंग्रजीतला 'इफ' : अट ओळखावी क्रियापदावरून

मुरूडपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत आपल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी आखातात किंवा जहाजावर नोकरीला असते. नोकरीचा करारनामा येतो तो बहुधा इंग्रजीत, आणि त्यातली तिकीट, खोली, पगाराची कलमे 'इफ'ने बांधलेली असतात. म्हणून या महिन्यात 'जर-तर'ची वाक्ये, म्हणजेच संकेतार्थी वाक्ये, नीट समजून घेऊ.

'जर'ला 'इफ' म्हणायचे, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. घोटाळा होतो तो क्रियापदात.

आपण म्हणतो, 'वारा पडला तर होडी सुटेल.' वारा अजून पडलेला नाही, तरी 'पडला' हे रूप भूतकाळाचे आहे. अरबीतही असेच होते. आपण दिवसातून दहा वेळा 'इन्शाअल्लाह' म्हणतो. त्यातला 'इन' म्हणजे जर, आणि 'शाअ' हे भूतकाळी रूप. अर्थ, अल्लाहने चाहिले तर. इंग्रजी मात्र इथे वर्तमानकाळ वापरते : 'इफ द विंड ड्रॉप्स, द बोट विल लीव्ह.' आपली मुले मराठीच्या सवयीने 'ड्रॉप्ड' लिहितात, किंवा पुढची गोष्ट म्हणून 'इफ द विंड विल ड्रॉप' लिहितात. अशा वाक्यात 'विल' सहसा 'इफ'च्या भागात येत नाही, दुसऱ्या भागात येते.

मग 'इफ'पुढे भूतकाळ कधी? गोष्ट खरी नसेल किंवा घडण्याची फारशी आशा नसेल तेव्हा. 'इफ आय हॅड अ बोट, आय वुड गो टु जंजिरा.' माझी होडी असती तर मी जंजिऱ्याला गेलो असतो. इथे 'हॅड' म्हणजे पूर्वी होडी होती असे नव्हे, आज ती नाही असे. दुसऱ्या भागात 'विल'चे 'वुड' झाले, तेही त्यासाठीच.

आणखी एक पायरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आज वाडीवाला म्हणतो, 'वादळ आले नसते तर झाडे वाचली असती.' हे आता बदलणार नाही. म्हणून इंग्रजी आणखी मागे जाते : 'इफ द सायक्लोन हॅड नॉट कम, द ट्रीज वुड हॅव सर्व्हाइव्ड.' एका भागात 'हॅड', दुसऱ्यात 'वुड हॅव'.

आता गंमत पाहा. 'पैसे असते तर वाडी घेतली असती' हे मराठी वाक्य आजचे की पाच वर्षांपूर्वीचे? दोन्हीचे असू शकते. बोलण्याच्या ओघात आपल्याला ते कळते. इंग्रजीला मात्र निवड करावीच लागते. आजचे असेल तर 'हॅड' आणि 'वुड बाय', तेव्हाचे असेल तर 'हॅड हॅड' आणि 'वुड हॅव बॉट'. अरबीत अशा न घडलेल्या गोष्टींसाठी 'लौ' हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत 'इफ' तोच राहतो, क्रियापद मागे सरकते. जितके मागे, तितकी गोष्ट हाताबाहेर.

हे करारनाम्यात कसे उपयोगी पडते? समजा पत्रात लिहिले आहे, 'वी विल गिव्ह यू अ रूम इफ वन इज फ्री.' खोली रिकामी असली तर देऊ, आशा आहे. पण 'वी वुड गिव्ह यू अ रूम इफ वन वेअर फ्री' असे असेल, तर खोली आज रिकामी नाही असेच ते सांगत आहेत. शब्द जवळपास तेच, पण दुसऱ्या वाक्यावर विसंबून घर सोडू नये.

'अनलेस' या शब्दाकडेही लक्ष द्या. त्यात नकार आधीच आहे. 'द कंपनी विल पे द फेअर अनलेस यू रिझाइन' म्हणजे तुम्ही राजीनामा दिला नाही, तर भाडे कंपनी देईल. स्वतः नोकरी सोडली, तर या कलमाने परतीचे भाडे मागता येणार नाही. घाईत वाचणारा 'कंपनी भाडे देईल' इतकेच लक्षात ठेवतो.

म्हणून घरात असे पत्र आले, की सही करण्याआधी मुलांना जवळ घेऊन बसा. 'इफ' आणि 'अनलेस' शोधून त्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढा, शेजारी क्रियापद पाहा, आणि प्रत्येक कलम मराठीत मोठ्याने म्हणून घ्या. अर्थ लागला नाही, तर जाणत्या माणसाला विचारा आणि मगच सही करा.

मुलांसाठी सराव : पुढील वाक्ये इंग्रजीत लिहा. १) पाऊस थांबला तर आम्ही बाजारात जाऊ. २) मला पंख असते तर मी आजीकडे गेलो असतो. ३) काल तू लवकर उठला असतास तर तुला एस.टी. मिळाली असती.