नकाशावरची रेघ आणि आपली वस्ती

धम्मदीक्षा घेतल्याने माणसाचे मन बदलते. परंतु त्याच्या घराखालची जमीन सरकारी दप्तरात पूर्वी जशी लिहिलेली होती तशीच राहते. ही साधी गोष्ट आमच्या नवदीक्षित कुटुंबांच्या ध्यानात येत नाही. आणि येते तेव्हा बहुधा दारावर नोटीस लागलेली असते. म्हणून आज आम्ही एका रूक्ष विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहो. तो विषय म्हणजे नगर परिषदेची विकास योजना.

देऊळगाव राजासारख्या नगर परिषदेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ अन्वये आपल्या हद्दीतील जमिनीचा पुढील उपयोग ठरवावा लागतो. घरे कोठे, बाजार कोठे, कारखाने कोठे, रस्ता किती रुंद, शाळा, दवाखाना, क्रीडांगण, धार्मिक इमारती, पाणी व गटारे यांसाठी कोणती जागा राखावयाची, हे सारे एका नकाशावर रंगांनी दाखविले जाते. वीस वर्षांतून एकदा तरी ही योजना सुधारावी असे कायदा सांगतो. म्हणजे आज पाळण्यात असलेले मूल मतदानास जाईपर्यंत ते रंग सहसा पुसले जात नाहीत.

या रंगीत नकाशाच्या आधी दुसरा एक नकाशा तयार होतो. आज कोणत्या जमिनीवर काय उभे आहे याची नोंद त्यात असते. त्याला विद्यमान जमीन वापर नकाशा म्हणतात. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. मोजणीस माणसे येतात तेव्हा आमचे लोक बाजारात, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या शेतात कामाला गेलेले असतात. पत्र्याचे विहार पाहणाऱ्याला गोदाम वाटते, किंवा काहीच वाटत नाही. विहार नकाशात नसले की ती जागा मोकळी ठरते. आणि मोकळ्या जागेवर उद्यान, वाहनतळ किंवा रस्ता काढताना नगर रचनाकाराचा हात अडत नाही. त्याच्या मनात द्वेष असतोच असे नव्हे. त्याच्यासमोर कागद असतो, वस्ती नसते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत असे ठरले. हे योग्यच झाले. परंतु समतानगराच्या दाराशी कचरा डेपोची जागा राखली गेली, तर पाटीवरच्या समतेचा उपयोग काय? याच देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते, आणि खडकपूर्णा प्रकल्पाच्या जलाशयाला संत चोखा सागर असे नाव आहे. चोखोबांना पंढरीच्या देवळाबाहेर उभे राहावे लागले. आम्ही ती पायरी केव्हाच सोडली. आता आमचा प्रश्न देवळाचा नाही, नळाचा आहे. आणि पाण्याची वाहिनी कोणत्या बाजूस न्यावयाची याची तरतूदही विकास योजनेतच होते.

नगरपालिकेच्या कागदाचे मोल आमच्या चळवळीला नवे नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपली तळी अस्पृश्यांना खुली असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि पाणी सवर्णांकडे राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. डिसेंबरात दावा लागला. तो मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये आमच्या बाजूने निकालात निघाला. बाबासाहेबांनी सत्याग्रह केला तितक्याच चिकाटीने दहा वर्षे कोर्टाची पायरीही झिजविली, हे आम्ही जयंतीच्या भाषणांत फारसे सांगत नाही.

आता कामाचे बोलू. प्रारूप विकास योजना तयार झाली की तिची सूचना शासकीय राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत निघते, आणि त्या दिवसापासून तीस दिवसांत लेखी हरकती व सूचना मागविल्या जातात. नकाशा नगर परिषदेच्या कचेरीत पाहता येतो व त्याची प्रत किंमत देऊन घेता येते. आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. तीत नगर परिषदेचे तीन सदस्य आणि नगर रचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यानंतर योजना मंजुरीसाठी शासनाकडे जाते.

आमची वस्ती सरकारी जागेवर आहे, हरकत घेतली तर उलट डोळ्यांवर येऊ, असे पुष्कळ जण म्हणतात. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कायद्याचे शब्द पाहावेत. हरकत घेण्याचा अधिकार त्याने मालकापुरता ठेवलेला नाही. कोणत्याही व्यक्तीला तो दिला आहे. उलट गप्प राहिल्याने आजवर कोणाचे घर वाचल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वकिलीच्या काळात एका नगरातील कुटुंब आमच्याकडे घरपट्टीच्या पावत्यांचे गाठोडे घेऊन आले होते. पावत्या खऱ्या होत्या, घर जुने होते; पण त्यावरून गेलेली रस्त्याची रेघ अकरा वर्षांपूर्वी मंजूर झाली होती. तीस दिवसांत जो कागद द्यावयाचा तो कोणी दिला नव्हता. हरकतींना जोर असतो, याचा दाखला मुंबईचा आहे. तेथील महानगरपालिकेच्या प्रारूप योजनेत इतक्या चुका निघाल्या व हरकतींचा असा लोट आला की एप्रिल २०१५ मध्ये शासनाने ते प्रारूपच रद्द केले.

आणखी एक गोष्ट. वस्तीजवळ शाळेसाठी जागा राखली म्हणून शाळा झाली असे समजू नये. दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही न झाल्यास ते आरक्षण उडते. म्हणून आरक्षणाची तारीख विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवावी व दरवर्षी नगर परिषदेला लेखी विचारावे.

वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण ज्या विहारात जमतो, तेथेच एका संध्याकाळी नकाशा सतरंजीवर पसरावा. शिकलेल्या मुलांनी आपले गट क्रमांक व सिटी सर्व्हे क्रमांक शोधून द्यावेत. बायांना अवश्य बोलवावे. पाणी कोठून आणावे लागते व गटार कोठे तुंबते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते, आणि सुनावणीतही ते त्यांनीच सांगावे. एका संयुक्त अर्जावर न थांबता घरोघरचे वेगळे अर्ज द्यावेत. सोबत घरपट्टी, वीजबिल, मतदार यादीतील नोंद व विहाराचे छायाचित्र जोडावे. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीची तारखेसह पोच घ्यावी, आणि ती प्रत पेटीत दीक्षेच्या प्रमाणपत्राशेजारी ठेवावी.