कोमाचीला उद्धट म्हणण्याआधी

गेल्या पालकसभेत एका वडिलांनी आपल्या सातवीतल्या मुलीला सगळ्यांसमोर झापलं. तिचा गुन्हा काय, तर नववीतला तिचा थोरला भाऊ दोन आठवडे मधल्या सुट्टीत डबा न उघडता जिन्याखाली एकटा बसतो, हे तिने मला येऊन सांगितलं होतं. "घरातली गोष्ट बाहेर काढतेस? मोठ्या भावाची चुगली करतेस?" मुलगी खाली बघत उभी राहिली. मागच्या बाकावरच्या एका पालकांनी लगेच निदानही करून टाकलं, हे सगळं त्या जपानी कार्टूनमुळे होतं. आमच्यातल्या दोघातिघा शिक्षकांनी माना डोलावल्या.

या माना डोलावणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पण आधी माझा हिशोब चुकता करतो. मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा मीही तिला परत पाठवलं होतं. "बेटा, तो मोठा आहे, त्याचं तो बघेल, तू वर्गात जा." एका आठवड्याने ती पुन्हा आली, तेव्हा मी ऐकलं. मुलगा प्राथमिक शाळा उर्दू माध्यमातून करून आलेला. मराठीचं मोठ्याने वाचन आलं की तो अडखळायचा आणि मागची चार पोरं हळू आवाजात त्याची नक्कल करायची. म्हणजे हे सगळं माझ्याच तासाला चाललं होतं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या, दोन्हींच्या मधल्या पुलाबद्दल दर महिन्याला लेख लिहिणाऱ्या मास्तराच्या नाकासमोर. मला दिसलं नाही. दोन मजले खाली बसणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीला दिसलं.

नंतर मी तिला विचारलं, कार्टून कुठलं बघतेस? "ओरेगाइरु, सर. त्यात कोमाची आहे." माझ्या पुतण्याने मोबाईलवर लावून दिलं आणि मी सलग पाहिलं. पूर्ण नाव 'याहारी ओरे नो सेशुन लव्ह कॉमेडी वा मचिगात्तेइरु'. वातारू वातारी यांच्या कादंबऱ्या, २०११ ते २०१९ दरम्यान मूळ कथा चौदा भागांत आली, त्यावर २०१३, २०१५ आणि २०२० असे अ‍ॅनिमेचे तीन हंगाम. गोष्ट चिबामध्ये घडते. चिबा म्हणजे टोकियोच्या खाडीपलीकडचं शहर, जिथून लोक सकाळी ट्रेनने टोकियोला कामाला जातात. वाशीचा खाडीपूल रोज ओलांडणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको.

नायक हाचिमान हायस्कुलात शिकतो. हुशार, तिरकस, एकलकोंडा. आईवडील दोघेही नोकरीला. धाकटी बहीण कोमाची. दोघं लहान असताना रिकाम्या घरी परत यायला लागतं म्हणून ती एकदा घर सोडून निघून गेली होती. तेव्हापासून हा तिच्याआधी घरी यायला लागला. मालिकेत ही गोष्ट ओझरती सांगितली जाते, पण दोघांच्या नात्याची मुळी तिथे आहे. एकमेकांच्या रिकाम्या घराचं दुःख दोघांना माहीत आहे.

ही कोमाची भावाला 'ओनी-चान' म्हणते, म्हणजे दादा. आणि तो फारच आळशी, कडवट बोलला की त्याच शब्दाची मोडतोड करून 'गोमी-ई-चान' म्हणते. 'गोमी' म्हणजे कचरा. आपल्या पालकांना उद्धटपणा दिसला तो बहुधा इथे. तो शब्द माझ्याही कानाला टोचला, खोटं कशाला बोलू. पण त्या एका शब्दावर थांबणाऱ्यांनी ती करते काय, तेही पाहावं. हाचिमान एका मुलीच्या कुत्र्याला वाचवताना गाडीखाली येतो, पाय मोडून घेतो. ती मुलगी आभार मानायला घरी येते, ते कोमाचीला माहीत असतं आणि नंतर तीच त्याला ते सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात कुजणाऱ्या या पोराला ती थाप मारून बाहेर काढते आणि शाळेच्या गटाबरोबर लहान मुलांच्या शिबिराला पोचवते. दुसऱ्या हंगामात तो शाळेच्या सहलीत सगळ्यांचा दोष स्वतःवर घेऊन परत येतो आणि गप्प होतो. ती विचारते काय झालं. तो तिच्यावर खेकसतो. मग ती भांडते, खरोखरचं भांडते, आणि घरात काही दिवस अबोला. शेवटी तो तिच्यापाशी येऊन सगळं सांगतो. तिला कळतं की याला मदत करायची आहे, पण स्वतःसाठी काही मागणं त्याच्या स्वभावात नाही. तेव्हा ती म्हणते, मग माझ्यासाठी कर. त्याला हवं असलेलं निमित्त ती स्वतःच्या नावावर घेते.

मी तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी आणि पंधरा वर्षांचा शिक्षक म्हणून सांगतो, इतकी समज बीएडच्या बालमानसशास्त्राच्या पेपरातून मला मिळाली नव्हती.

आता दुसरी बाजू, नाहीतर कोणी म्हणेल सर पोरांबरोबर बिघडले. याच जपानी बाजारात धाकट्या बहिणीला प्रेयसी करून विकणारा मालही ढिगाने आहे. 'ओरेइमो' नावाची मालिका तर भावाबहिणीला काही काळासाठी का होईना, प्रेमी बनवूनच संपते. त्याची वकिली मी करणार नाही. ओरेगाइरुमध्येही हाचिमानचे बहिणीवरचे काही विनोद मला नकोसे झाले. सातवीच्या मुलीने काय बघावं हे घरच्यांनी शेजारी बसून ठरवावं. पण सभेतल्या वडिलांची तक्रार ही नव्हती. त्यांनी ती मालिका पाहिलीच नव्हती. त्यांची तक्रार एवढीच होती, की धाकटीने मोठ्याबद्दल तोंड उघडलं.

आणि गंमत बघा. हाचिमान कोमाचीच्या क्लासमधल्या ताइशी नावाच्या मुलाकडे डोळे वटारून बघतो, कारण तो तिच्याशी बोलतो. मालिका यावर हसते. आपल्याकडे यावर कोणी हसत नाही. आपल्याकडे याला भावाचं कर्तव्य म्हणतात. हिंदू घरात राखी बांधतात, आमच्या घरात बांधत नाहीत, पण बहिणीवर पहारा ठेवण्यात दोन्ही घरं सख्खी भावंडं आहेत. तो बिचारा ताइशी तर स्वतःच्या मोठ्या बहिणीची काळजी घेऊन आलेला असतो. ती क्लासची फी जमवायला रात्री चोरून काम करते आणि घरी कोणाला काही सांगत नाही, म्हणून. त्याचं म्हणणं आधी कोण ऐकतं? कोमाची.

आपली भाषाही बघा. भाऊ 'पाठीराखा'. बहीण मात्र 'पाठची', म्हणजे नुसती मागून जन्मलेली. 'पाठराखीण' हा शब्द आहे, पण ती लग्न झालेल्या नवरीबरोबर चार दिवस सासरी जाते आणि परत येते. भावाची पाठ राखणाऱ्या बहिणीसाठी आपण शब्दच ठेवला नाही. उर्दूतला 'हमशीरा' मला जास्त न्यायाचा वाटतो. एकाच दुधावर वाढलेली, बस. कोण कोणाचा रखवालदार, हे त्यात आधीच ठरवून ठेवलेलं नाही.

आणि ज्यांना हे सगळं परदेशी खूळ वाटतं, त्यांनी मला सांगावं, मुक्ताई कोण होती? चार भावंडांत सर्वांत धाकटी. संन्याशाची पोरं म्हणून गावाने वाळीत टाकलेली, आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकलेला. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून त्यांना समजावणारी, रागावणारी, दार उघड म्हणणारी ही धाकटी बहीण. ताटीचे अभंग आपण भक्तीने म्हणतो, पण त्यातलं नातं विसरतो. थोरल्याला, तेही ज्ञानदेवांसारख्या थोरल्याला, धाकटी पोर सांगते आहे की तुझं चुकतंय. तिला कोणी उद्धट म्हटलं नाही. परंपरा सांगते की चांगदेवांनी तिला गुरू केलं. जळगाव जिल्ह्यात एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावाने. गावाला नाव द्यायला ती चालते, फक्त आपल्या घरात तशी बोलणारी नको.

एक जण नक्की म्हणणार, मुसलमान माणसाने मुक्ताई कशाला आणावी. मी मराठी शिकवतो, म्हणून. आणि ज्यांना दाखला आपल्याच घरातला लागतो त्यांनी सूरह कसस उघडावी. हजरत मूसांना टोपलीत घालून पाण्यात सोडल्यावर आईने त्यांच्या मागावर कोणाला पाठवलं? बहिणीला. ती मोठी बहीण होती, हे खरं. पण बघा तिने काय केलं. दुरून लक्ष ठेवलं, कोणाला संशय येऊ दिला नाही, आणि बाळ कोणाचंच दूध घेईना तेव्हा फिरऔनच्या माणसांसमोर उभी राहून म्हणाली, याला सांभाळणारं एक घर मी दाखवू का? बादशाहाच्या माणसांसमोर बोलली. आमचे वडीलधारे हा किस्सा बयानमध्ये रंगवून सांगतात आणि घरी येऊन मुलीला म्हणतात, मोठ्यांच्या मधे बोलू नकोस.

माझ्या घरातलंही सांगतो. बीए झाल्यावर अब्बांना मी पनवेलच्या नात्यातल्या दुकानात बसावं असं वाटत होतं. मी गप्प होतो, गप्प राहणं मला अदब वाटत होती. दोन वर्षांनी लहान असलेली माझी बहीण अब्बांसमोर उभी राहिली. "भाई दुकानात बसला तर गिऱ्हाइकाला शुद्धलेखन शिकवेल, अब्बा. त्याला बीएड करू दे." फॉर्म तिने आणला, तिनेच भरला. अब्बांची थप्पडही तिनेच खाल्ली. मी शिक्षक झालो.

त्यानंतर वर्षभरातच मी तिचा संध्याकाळचा कम्प्युटरचा क्लास बंद करवला. रस्त्यावर दिवे नव्हते, दोन मुलं कोपऱ्यावर उभी असायची, लोक काय म्हणतील. तिच्याबरोबर चालत जाणं मला जमलं असतं. त्या वेळी मी तिला घरी बसवण्याला राखण समजत होतो. तिने माझ्यासाठी वाट काढली आणि मी तिची बंद केली, आणि घरात जबाबदार भाऊ म्हणून माझंच कौतुक झालं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. हा लेख वाचल्यावरही ती फोन करून शुद्धलेखनाची एखादी चूक काढेल आणि विषय बदलेल.

सिडकोच्या वन रूम किचनमध्ये दार लावून बसायला वेगळी खोली नसते. आमची पोरं कानात हेडफोन घालतात, तीच त्यांची ताटी. आईबाप कामावर, शिक्षकासमोर साठ पोरं. त्या ताटीच्या सर्वांत जवळ कोणी असेल तर अंथरुणाला अंथरूण लावून झोपणारी धाकटी बहीण असते. डबा परत आला की तिला कळतं. रात्री तो कुशीवर वळून जागा असतो, हेही तिला कळतं. तिने येऊन सांगितलं तर तिला चुगलखोर म्हणायचं, आणि मग एखाद्या दिवशी मुलगा शाळाच सोडून गेला की 'आम्हाला काही कळलंच नाही' म्हणायचं. कळलं होतं. सांगणारीला तुम्ही गप्प केलं होतं. मीही एक आठवडा केलं होतं.

त्या चार पोरांशी मी बोललो. आता मोठ्याने वाचन मीही अडखळत करतो, मुद्दाम, उर्दूतलं आणि मराठीतलं, आणि त्यांना माझ्या चुका काढायला लावतो. मुलगा अजून जिन्याखालीच बसतो, पण डबा उघडतो. त्याच्या वडिलांना मी पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलं आहे. या वेळी तीन खुर्च्या मांडणार आहे आणि आधी मुलीला बोलायला सांगणार आहे.