गॅरेजचे दर्शन, खोऱ्याचे विस्मरण

अमेरिकेतील मुलाकडे वा मुलीकडे गेलेले महाराष्ट्रातील आईवडील सुटीचे दोन दिवस हाती लागले की सिलिकॉन व्हॅली पाहावयास निघतात. पालो आल्टोतील अ‍ॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरचे गॅरेज, स्टॅनफर्डचे आवार, माउंटन व्ह्यूतील संगणकांचे संग्रहालय, कूपर्टिनोतील अ‍ॅपलचे केंद्र, एवढे झाले की यात्रा सुफळ संपूर्ण होते. परतल्यावर निष्कर्षही ठरलेला असतो: दोन हुशार तरुणांना एक गॅरेज मिळाले आणि सरकारने लुडबूड केली नाही, की समृद्धी आपोआप अवतरते. सहलीला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या निष्कर्षाला. तो असत्य आहे, आणि आपल्याकडील धोरणांच्या चर्चेत तो सर्रास पुरावा म्हणून पुढे केला जातो.

गॅरेज खरे आहे. ह्युलेट व पॅकार्ड यांनी १९३९ साली तेथे धंदा मांडला आणि १९८९ साली 'सिलिकॉन व्हॅलीचे जन्मस्थान' असा फलक तेथे लागला. परंतु पुढचा डोलारा उभा राहिला तो कोणाच्या पैशावर? फेअरचाइल्ड कंपनी १९५७ साली निघाली. तिचे ट्रान्झिस्टर व चिप जेव्हा साध्या ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होते, तेव्हा ते विकत घेतले क्षेपणास्त्रांच्या आणि अपोलो चांद्रमोहिमेच्या कार्यक्रमांनी. १९६९ साली ज्या जाळ्यातून संगणकांमधला पहिला संदेश या खोऱ्यात पोहोचला, ते जाळे संरक्षण खात्याच्या निधीतून विणलेले होते. गूगलच्या संस्थापकांचे स्टॅनफर्डमधील संशोधनही राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अनुदानाच्या आधाराने झाले. म्हणजे जोखीम करदात्याची आणि नफा भागधारकाचा! यालाच जर मुक्त बाजार म्हणावयाचे, तर मग समाजवादाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला उरतो?

दुसरा प्रश्न जमिनीचा. हे खोरे एकेकाळी जर्दाळू आणि प्लमच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. बागा गेल्या, 'स्वच्छ उद्योग' आला. या उद्योगाला धुराडे नव्हते, म्हणून तो स्वच्छ ठरला. १९८१ च्या अखेरीस दक्षिण सॅन होजे येथे फेअरचाइल्डच्या जमिनीखालील टाकीतून गळलेली विद्रावके पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरल्याचे आढळले आणि धुराड्याचा अभाव म्हणजे विषाचा अभाव नव्हे, हे उघड झाले. अमेरिकेतील सर्वाधिक घातक प्रदूषित स्थळांची जी केंद्रीय यादी आहे, तीत सांता क्लारा परगण्यातील स्थळे वीसहून अधिक आहेत. पर्यटकाच्या नकाशावर यांपैकी एकही दिसत नाही.

तिसरा प्रश्न माणसांचा. चिप जोडण्याचे काम प्रामुख्याने स्थलांतरित स्त्रियांच्या हातांनी झाले. इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस कामगार संघटनांपासून उद्योग मुक्त राहणे ही जगण्याची अट मानीत. आणि कंपन्यांनी ती अट कसोशीने पाळली. तरीही संघटना झाली. अ‍ॅपलच्या इमारती झाडणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांनी दीर्घ लढ्यानंतर १९९२ साली आपल्या युनियनला मान्यता मिळवली. याच खोऱ्यात पालो आल्टो ते सॅन होजे रात्रभर धावणाऱ्या २२ क्रमांकाच्या बसमध्ये बेघर माणसे झोपत. लोकांनी तिला 'हॉटेल २२' असे नाव दिले. डिसेंबर २०१४ मध्ये सॅन होजेतील कायोटी ओढ्याकाठची शेकडो बेघरांची 'जंगल' नावाची वस्ती हटवण्यात आली.

यावर उत्तर तयार असते: याच खोऱ्याने आमच्या मुलांना सुस्थिती दिली, ते कसे नाकारता? ते नाकारण्याचे कारणच नाही. परंतु त्यांपैकी कित्येकांचे अभियांत्रिकी शिक्षण येथील जनतेच्या पैशावर झाले आहे, हेही तितकेच खरे. सार्वजनिक खर्चातून घडलेली बुद्धी तेथील सार्वजनिक खर्चातून उभ्या राहिलेल्या उद्योगाला मिळाली. या कहाणीत खासगी पराक्रम आहे. मात्र तो एकट्याचा नाही.

हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत या खोऱ्याची नक्कल चालू आहे. नक्कल करणारे इमारतींच्या काचा आणतात, करसवलती आणतात. विद्यापीठांना दिलेला पैसा मात्र आणीत नाहीत. पाणी कोठून येणार, सफाई कामगार कोठे राहणार, हे प्रश्न ते ग्रामपंचायतीच्या गळ्यात टाकून मोकळे होतात. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी जरूर तेथे जावे, गॅरेजही पाहावे. फक्त परतल्यावर व्याख्यान देताना खर्च कोणी केला आणि वाटा कोणाला मिळाला, याचा हिशेब श्रोत्यांसमोर मांडावा. आणि व्याख्यात्याला त्याचा विसर पडलाच, तर सभेतील कार्यकर्त्याने उठून तो मागावा.