चेन तुटली की सुटली?

गणपती झाले आणि साताऱ्याहून लेकीचा फोन आला. "नाना, आता तुम्हीच सांगा त्याला. सायकल बंद म्हणावं." नातवाच्या गिअरच्या सायकलची चेन यवतेश्वरच्या घाटात पुन्हा तुटली होती. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा! या खेपेला तो चढावर उभा राहून पेडल मारत होता. चेन गेली, पाय एकदम खाली आला आणि स्वारी रस्त्यावर. गुडघ्याला चार टाके. मागून गाडी येत नव्हती हे नशीब.

मी दुसऱ्या दिवशी एसटीने साताऱ्याला गेलो. घरात तोवर निकाल लागलेला होता. जावईबापू म्हणाले, हल्लीचा मालच खराब. शेजारच्या काकांचं मत, पोरगं आडदांड आहे, जोर फार लावतं. लेकीचं मत, घाटात जायचंच कशाला. गंमत अशी की तिघांपैकी एकानेही ती चेन हातात घेऊन पाहिली नव्हती. आपल्याकडे हे फार चालतं. वस्तू बिघडली की आधी दोषी ठरवायचा, वस्तू नंतर बघायची. बघितली तर!

नातवाने मात्र एक शहाणपणा केला होता. तिन्ही वेळचे तुटके तुकडे कंपासपेटीत जपून ठेवले होते. का ठेवलेस विचारलं तर म्हणाला, "असंच, आजोबा." पोथी वाचायचं भिंग माझ्या पिशवीत असतंच. ते लावून पाहिलं. एकही पट्टी मोडलेली नव्हती. पिनाही अखंड. फक्त बाहेरच्या पट्टीचं भोक किंचित फाकलेलं, आणि ती पट्टी पिनेवरून निघून आलेली. तिन्ही तुकड्यांत तेच.

मी मराठीचा मास्तर. तुटणे आणि सुटणे यांत फरक आहे हे आयुष्यभर पोरांना शिकवलं. ही चेन तुटलीच नव्हती, सुटली होती. तुटली म्हटलं की माणूस जोर आणि माल यांचा विचार करतो. सुटली म्हटलं की प्रश्न पडतो, बांधली कुणी आणि कशी?

आता झिजल्याची शंका उरली. तीही फेडून घेतली. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो, साधी सायकल असो वा गिअरची. म्हणजे २४ कड्यांना १२ इंच. पिना झिजल्या की हे अंतर वाढतं, आणि १२ इंचांवर सोळावा भाग वाढला की चेन बदलायची. आमची स्टीलची फूटपट्टी लावली. जवळजवळ नेमके १२ इंच. चेन झिजलेली नव्हती.

मग बांधली कुणी? इथे मला आठवलं, आणि खरं सांगतो, घाम फुटला. मे महिन्याच्या सुट्टीत सायकल सांगलीला माझ्याकडेच होती. चेन फार काळी झाली म्हणून मीच ती आमच्या नेहमीच्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने सुंबा आणि हातोडीने पिन ठोकून बाहेर काढली, चेन रॉकेलमध्ये धुतली आणि तीच पिन पुन्हा ठोकून बसवली. मी शेजारी उभा राहून नातवाला सांगत होतो, "बघ, अशी जोडतात." माझ्या १९७४ सालच्या ॲटलासची चेन अशी कितीदा जोडली असेल. कधी सुटली नाही.

पण ती चेन वेगळी होती. जुन्या सायकलची चेन रुंद, तिच्या पिना पट्टीच्या बाहेर चांगल्या डोकावतात, आणि ती जन्मभर एकाच चकतीवर सरळ रेषेत फिरते. गिअरची चेन अरुंद. मागच्या चकत्या एकमेकींना चिकटून, त्यात तिला मावायचं असतं, म्हणून पिनेचं टोक जेमतेम पट्टीपर्यंत. ते टोक कारखान्यात दाबून किंचित पसरवलेलं असतं, त्यावरच पट्टी टिकते. पिन ठोकून काढली की ते पसरलेलं टोक खरडून जातं आणि भोकही सैल होतं. पुन्हा बसवलेली पिन वरून ठीक दिसते, पण धरत नाही.

सांगलीत तीन आठवडे ती चालली, कारण सांगलीत चढ शोधावा लागतो. नातू विश्रामबागेतून गणपतीच्या देवळापर्यंत एकाच गिअरमध्ये जायचा. साताऱ्यात समर्थ मंदिर सोडलं की घाट सुरू. हा पठ्ठ्या चढ लागल्यावर, पायाखाली सगळा जोर असताना गिअर बदलायचा. तेव्हा चेन एका चकतीवरून दुसरीवर आडवी चढते, आणि कच्च्या सांध्याची पट्टी बाजूला उचकटली जाते. प्रत्येक वेळी तिथल्या दुकानात सुटलेली कडी काढून पुन्हा तीच हातोडी. म्हणजे नवा कच्चा सांधा, वर चेन दर वेळी इंचभर आखूड!

तेव्हा माझं मत असं, की यात पोराचा दोष असलाच तर चार आणे. मालाचा काहीच नाही. बाकीचे बारा आणे माझे आणि हातोडीचे. लेकीसमोर हे कबूल करायला मला जेवण होईपर्यंत वेळ लागला. ती हसली नाही. "मग टाके तुम्हाला पडायला हवे होते, नाना," एवढंच म्हणाली.

नवी चेन आणली. मापाला कापायला पिन ढकलायचं छोटं यंत्र वापरलं, आणि जोडायला पिन नाहीच, एक वेगळी जोडकडी येते ती. दोन अर्ध्या कड्या एकमेकींत अडकतात, पेडल जोराने दाबलं की टक्क करून बसतात. गिअर चढाच्या आधी बदलायचा, बदलताना पाय हलका ठेवायचा, हे नातवाने स्वतःच घोकलं. तेव्हापासून कासच्या रस्त्याने चार-पाच वेळा जाऊन आला आहे.

सांगलीला परतल्यावर त्यातला एक तुकडा सायकलवाल्याला दाखवला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्याने तो उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला आणि आपल्या पिनांच्या डब्यात टाकला. मग म्हणाला, "गुरुजी, ते पिन ढकलायचं यंत्र कुठं मिळतंय? मला एक आणा."