वाघिणीचे दूध आणि आपली वाणी

ताथवडे हे एके काळचे शेतीचे गाव. आज मुंबई-बंगळुरू महामार्गालगतच्या या गावात अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी आहेत. शेजारी हिंजवडीचे संगणक उद्योग, पलीकडे चाकणचा कारखानदारी पट्टा. चाकणला २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने सुरू झाले. मराठवाडा-खानदेशातून इकडे शिकायला येणाऱ्या तरुणाचा उद्याचा सहकारी जर्मन वा जपानी असू शकतो. दोघांमधला दुवा इंग्रजीचा; पण ती दोघांचीही मातृभाषा नव्हे. मग काळ आणि वचन अचूक साधले म्हणजे इंग्रजी आले, असे मानायचे काय?

भाषेच्या पाठीशी समाजाची रीत उभी असते. मराठीतल्या ‘बघतो’मध्ये अनेकदा नम्र नकार असतो. तोच शब्द इंग्रजीत उच्चारला, की जर्मन अभियंता काम होणार या भरवशावर राहतो. जपानी माणसाचे ‘हाय’ आपल्याला होकार वाटते. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे’ एवढाच. व्याकरण सर्वांचे शुद्ध, तरीही व्यवहार फसतो आणि शब्दाला न जागल्याचा ठपका आपल्या मुलावर येतो.

परक्याची रीत जाणणे ही अर्धी विद्या. आपली रीत परक्याला उलगडून सांगणे, ही उरलेली अर्धी. मुलाखतीतले हस्तांदोलन आणि गळपट्टीची गाठ शिकलेल्या पदवीधराला वारकरी पंढरीला पायी का जातात, हे चार वाक्यांत सांगता येऊ नये? न आल्यास तो संवादक न राहता नकलाकार होतो.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, ती मात्र मराठीत. आणि १८८० साली टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूलही काढले. स्वत्व न सोडता इंग्रजी शिकता येते, याचा हा पुरावाच होय.

आता दायित्व अध्यापकांचे आणि पालकांचेही आहे. गावची जत्रा परदेशी पाहुण्याला समजावून सांगणे, त्याच्या शंकांना न चिडता उत्तर देणे आणि त्याच्या सणाविषयी तितक्याच आस्थेने विचारणे, हा इंग्रजीच्या तासाचा नित्यपाठ व्हावा. घरात वाचन आणि माहिती नसेल, तर अभिमानाच्या घोषणा पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होतील. वाघिणीचे दूध अवश्य प्यावे. डरकाळी मात्र आपली असावी!