पिकअपच्या टपावर कॅरिअर : भाडं वाढतं, पण वजन बसतं कुठं?

परभणी : दसरा झाला, कापूस वेचणीला जोर आला की मानवत, सेलूच्या रस्त्यावर पिकअपची रीघ लागते. त्यात टपावर लोखंडी कॅरिअर बसवलेल्या गाड्या आता जागोजागी दिसतात. कारण साधं आहे. गाडीचा हप्ता बारा महिने चालतो, कापूस मात्र चार महिने. बाकीच्या दिवसांत लग्नाचा मंडप, कडबा, आषाढीला दिंडीचं सामान असं जे मिळेल ते भाडं मारावं लागतं. ताडपत्री, दोर, बांबू, गाद्या टपावर गेल्या की हौदा मोकळा राहतो आणि एक खेप वाचते. त्यामुळं कॅरिअर बसवणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो कसं बसवलं आणि वर काय टाकलं याचा.

पहिला गैरसमज म्हणजे कॅरिअर बसवलं की गाडी जास्त माल उचलते. तसं नाही. कॅरिअरनं जागा वाढते, ताकद वाढत नाही. 1.7 टनी पिकअप म्हणजे 1700 किलो, त्यात टपावरचा माल आला आणि कॅरिअरचं लोखंडही आलं. एक इंची चौकोनी पाइप, 2 एमएम जाडीचा, मीटरला साधारण दीड किलो भरतो. वीस मीटर लागला तर 30 किलोच्या आत काम होतं. तेच 40 बाय 5 च्या अँगलमध्ये केलं तर 60 किलो. ‘मजबूत पाहिजे’ म्हणून आपण अँगल घ्यायला सांगतो आणि कायमचं अर्ध्या क्विंटलच्या वर ओझं डोक्यावर घेऊन फिरतो. हलक्या मालासाठी पाइप पुष्कळ झाला.

आता खरी मेख. पिकअपची केबिन वेगळी आणि हौदा वेगळा. दोन्ही एकाच चेसिसवर बसलेले असले तरी खड्ड्यात गाडी आपटली की दोघं आपापल्या तालात हलतात. उभी गाडी एका चाकावर उंच करून मधल्या फटीकडं बघा, फट तिरकी झालेली दिसंल. पुष्कळ ठिकाणी कॅरिअरचे पुढचे पाय टपाच्या पत्र्याला आणि मागचे हौद्याच्या जाळीला वेल्डिंग करून टाकतात. मग दोन महिन्यांत एक तर वेल्डिंग तुटतं, नाही तर पत्रा फाटतो. आमच्या भावकीतल्या एका गाडीचं असंच झालं. पहिल्या पावसात पाणी सीटवर आलं तेव्हा कळलं.

म्हणून कॅरिअर एकाच गोष्टीला बांधा. माझ्या मते हौद्याच्या पुढच्या जाळीला. सांगाडा जाळीवरून पुढं केबिनवर येऊ द्या, पण टपाला टेकू देऊ नका. चार बोटं अंतर ठेवा. म्हणजे भार हौद्यावरून चेसिसवर जातो, पत्र्यावर येत नाही. फक्त जाळी आधी तपासा, गंजलेली असंल तर तीच वाकंल. आणि वेल्डिंगपेक्षा यू-बोल्ट, चेक नट बरे. उद्या काढायचं म्हटलं तर पान्यानं निघतं. वेल्डिंग करायचंच असंल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला लावा. बीएस-6 गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर असतो, तो उडाला तर कॅरिअरच्या कितीतरी पट खर्च येतो.

कायद्याची बाजूही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं. ओव्हरलोडला 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. माल बाजूनं, पुढं-मागं किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तरी 20,000. बदल विमा कंपनीला कळवलेला नसंल तर अपघातानंतर दावा अडू शकतो.

पण बोल्टनं बसवलेलं, काढता येणारं 25-30 किलोचं कॅरिअर यात कुठं बसतं, हे गावात नीट सांगणारं कुणी नाही. पकडल्यावरच कळतं. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचं शिबिर लागतं, तिथं हा नियम मराठीत लिहून भिंतीवर लावायला काय हरकत आहे? तोवर लोखंड घेण्याआधी आरसी घेऊन जा, साहेबांना विचारा, जमलं तर अर्ज देऊन पोच घ्या.

वर काय टाकू नये? सोयाबीनची पोती, खताच्या गोण्या, सिलिंडर. वजन जितकं वर तितकी गाडी वळणावर झुकते. कडब्याच्या वेळी गावातल्या लोंबत्या तारांकडं लक्ष ठेवा, आणि गाडी चालू असताना टपावर माणूस चढवून बांबूनं तार उचलायचा धंदा बंद करा.

माणसं तर हौद्यातही नकोत, वर तर नकोतच. ऑगस्ट 2025 मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिला पिकअपमध्येच होत्या. घाटात गाडी उलटी आली आणि दरीत गेली. दिंडीच्या वाटेवर टपावरच्या गाद्यांवर पोरं बसलेली दिसतात तेव्हा तीच बातमी डोळ्यापुढं येते.

कॅरिअर बसवून झालं की पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळा. नवे बोल्ट पहिल्याच फेरीत सैल होतात, आणि फॅब्रिकेशनवाला ते सांगत नाही.